रेघ आमच्या नळावरून

११ फेब्रुवारी १९७४

वॉर्ड ऑफिसात जाऊन आलो. भिंतीवर नव्या वॉर्डांचा नकाशा लावलाय. खानेसुमारीत माणसं वाढली, म्हणून ती सगळ्या वॉर्डांत सारखी वाटायची म्हणे. वाटा की! पण लाल रेघ आमच्या गल्लीच्या बरोबर मधून? डावी बाजू एका वॉर्डात, उजवी दुसऱ्यात. नळ डाव्या बाजूला, पाणी पिणारे दोन्हीकडे.

नळाचं राहू दे. इथं खरं लिहायला हरकत नाही — माझी मतं फुटली! बत्तीस वर्षं या गल्लीतली पोरं शिकवून निवृत्त झालो, ते काय नुसतं पेपर वाचायला? येत्या निवडणुकीत उभं राहायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे माझं मीच ठरवलंय. निंगव्वाला बोललो नाही. बायकोच्या कानावर घातलेलं नळावर जातं, आणि तिथून कुठं कुठं जातं ते पाणीखात्यालाही सांगता यायचं नाही.

१२ फेब्रुवारी

कारकुनाला विचारलं, हरकत कोण घेऊ शकतो?

"कुनीबी. हितला ऱ्हानारा पायजे. वकील नको, कोर्टाचं तिकीट नको. कागदावर लिवा, सही नायतर अंगठा करा, म्हैनाअखेरपतुर आनून द्या. सायेब बोलावून ऐकून घेत्यात."

इतकं सोपं? मला तर संशयच आला.

१४ फेब्रुवारी

तिप्पण्णाला भेटलो. पिठाची गिरणी त्याची, त्यामुळं सगळी गल्ली आठवड्यातून एकदा तरी त्याच्या दारात. म्हणाला, "मास्तर, हरकत तुमीच लिवा. तुमच्यावानी कोन लिवनार?" खरंच आहे.

१७ फेब्रुवारी

प्रस्तावनाच चार पानं झाली. मधे मधे निवडणुकीच्या पत्रकाचाही मसुदा करतोय. 'आपला नम्र सेवक' की 'आपलाच नम्र सेवक'? दोन्ही लिहून बघितलं. दोन्ही खोडून रद्दीत टाकलं.

जाकीट शिवायला दिलं. शिंप्यानं विचारलं, "लगीन कुनाचं, मास्तर?" नुसता हसलो.

१९ फेब्रुवारी

निंगव्वा म्हणाली, "अहो, रद्दीतले कागद घेऊ का? एका बाजूनं कोरे हायेत." घे म्हटलं. चुलीला लागत असतील.

२१ फेब्रुवारी

हरकत पूर्ण. अकरा पानं! देऊन पोच घेतली. कारकुनानं हातात घेऊन वजन बघितल्यासारखं केलं.

२३ फेब्रुवारी

नळावर भांडण झालं. पाणी सकाळी तासभरच येतं. म्हणून नेम असा, की रिकाम्या घागरी आदल्या संध्याकाळीच रांगेला लावायच्या — एक डावीकडच्या घरची, एक उजवीकडच्या. जिथं घागर तिथं माणूस. दुष्काळातसुद्धा हा नेम मोडला नव्हता. आज डावीकडचा एक दीडशहाणा म्हणाला, "नळ आता आमच्या वॉर्डाचा. तुमी तुमच्या नगरसेवकाकडनं घ्या." अजून रेघ नुसती कागदावर आहे! त्यानं गौरम्माची घागर उचलून बाजूला ठेवली. गौरम्मा उजवीकडची, सत्तरीची, एकटी राहते. ती आपल्या घागरीजवळ जाऊन उभी राहिली. आमच्या निंगव्वानं आपलं पाणी तिला दिलं.

मला फार वाईट वाटलं. हे नवव्या पानावर घालायला हवं होतं.

५ मार्च

सुनावणी. लिहितानाही कान तापतायत.

साहेबांनी माझी अकरा पानं चाळली. "तुमची मागणी काय आहे?" मी म्हणालो, "नवव्या पानावर." ते नववं पान शोधतायत तोवर मागून आवाज — "सायेब, आमचीबी हरकत हाय." बघतो तर निंगव्वा! बरोबर गौरम्मा आणि गल्लीतल्या सात-आठ जणी. कधी ठरलं, कधी लिहिलं, कधी नेऊन दिलं, मला पत्ताच नाही! साहेबांनी फायलीतून त्यांचा कागद काढला. निंगव्वाच्या अक्षरात चार ओळी. नळ एक, घागरींची रांग एक, म्हणून गल्ली एका वॉर्डात ठेवा, रेघ मागच्या नाल्यावरून न्या. खाली अंगठे, तेही रांगेतल्या घागरींच्या क्रमानं.

साहेबांना कागद आवडला. इतका आवडला, की त्यांनी तो उलटून बघितला.

"आपलाच नम्र सेवक, अण्णाराव मास्तर, उमेदवार." मोठ्यानं वाचलं हो! मग माझ्याकडं बघून, "म्हणजे ही सगळी धडपड निवडणुकीसाठी आहे तर."

गेलं सगळं पाण्यात, असं वाटलं. तोंड उघडलं तर शब्द फुटेना. अकरा पानं लिहिणारा माणूस मी!

निंगव्वा म्हणाली, "कागद त्यांचा हाय, सायेब. म्हननं आमचं हाय. खोटं वाटत असंल तर सांजच्याला नळावर या की."

घरी आलो. ताट वाढताना ती एवढंच म्हणाली — "मला सांगायला काय झालं हुतं?" मी भातच कालवत बसलो.

६ मार्च

साहेब खरंच आले! नळापासून पार गिरणीपर्यंत घागरी लागलेल्या. पितळी, तांब्याच्या, पत्र्याच्या. त्यांनी नकाशा उघडला आणि विचारलं, "यातल्या डाव्या बाजूच्या कुठल्या?"

गौरम्मा म्हणाली, "ते घागरीलाच इचारा."

साहेब हसले. मग नाल्यापर्यंत चालत गेले. तिप्पण्णा आणि बायका पुढं, मी मागं. नाकाला रुमाल लावून साहेबांनी नकाशावर पेन्सिलीनं नवी रेघ मारली. म्हणाले, नाल्यापलीकडची घरं तिकडं दिली तर माणसांचा हिशेब जमतो.

२२ मार्च

अंतिम नकाशा लागला. रेघ नाल्यावरून! गल्ली एक, वॉर्ड एक, मतं एक! आता लपवायचंही काही उरलं नाही. जाकीट घेऊन आलो. तिप्पण्णाचा निरोप आलाय — उद्या सगळे उमेदवारीचा अर्ज घेऊन घरी येतायत. निंगव्वाला म्हटलं, चहाला दूध जास्त घे. ती काहीतरी बोलणार होती, पण मी जाकीट घालून बघत होतो.

२३ मार्च

आले. मी जाकीट घालून खुर्चीत. तिप्पण्णानं अर्ज पुढं ठेवला. नाव आधीच भरलेलं — सौ. निंगव्वा अण्णाराव.

"मास्तर, सूचक म्हनून तुमची सही लागती," तो म्हणाला.

कुणीच हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं. फार लागलं मनाला. उद्या सांगतो म्हणालो. सगळे गेल्यावर निंगव्वा म्हणाली, "तुमी नको म्हना, मी न्हाय उभी ऱ्हानार." मी जाकीट काढून खुंटीला लावलं.

२४ मार्च

सही केली. पत्रक मीच लिहायचंय. तिची अट एकच — "एका पानात बसवा!"