रात्रीचे अडतीस ठोके

सोम., २० जानेवारी
सकाळी घड्याळाने दाखवलं: रात्री हार्ट रेट ३८. लेकीने, रेवाने, वाढदिवसाला दिलेलं घड्याळ. ऑफिसात रशीदभाईंना दाखवलं. "माशाल्ला साब, ये तो घोड़े का दिल है. रेस में भेजो." चारजण जमले, प्रत्येकाने आपलं मनगट पुढे केलं. सगळे पन्नासच्या वर. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. ही, रेवाची आई, जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून संध्याकाळी घराजवळच्या पार्कात पाच कि.मी. चालतो, लवकर घरी येऊन करायचं काय. त्याचाच परिणाम असणार.

गुरु., २३ जाने.
काल ३७, आज ३६. डोकं सकाळपासून जड. दुपारी वेल्डिंगचे रिपोर्ट तपासताना डुलकी लागली. पेनाची रेघ कागदभर घसरत गेलेली.
रेवाचा दुबईहून फोन. हे आकडे तिच्या मोबाइलवरही जातात, मला माहीत नव्हतं. म्हटलं, बघितलंस, रोज कमी होतोय. "बाबा, धिस इज नॉट गोल्फ, की स्कोअर कमी म्हणजे जिंकलास. आणि ते इर्रेग्युलरपण म्हणतंय, तू वाचलंस का?" नव्हतं वाचलं. असलं काही आलं की मी बोटाने बाजूला सारतो.

शनि., २५ जाने.
रेवा आली ती थेट हृदयाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. लेबनीज बाई, शांत बोलतात. ई.सी.जी. बघून म्हणाल्या, ठोके अनियमित आहेत. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर— पुढचं मी विचारलं नाही. रेवाने विचारलं. रक्त पातळ करायची गोळी आजपासून. छातीला होल्टर नावाचं मशीन, ठोके नोंदवायला, चोवीस तास.
परत येताना गाडी रेवाने चालवली. मुसफ्फाच्या सिग्नलला म्हणाली, "आय हॅव ओन्ली यू, ओके?" मी ओके म्हटलं.

बुध., २९ जाने.
होल्टरचा रिपोर्ट. झोपेत हृदय मध्येच थांबतं. सर्वांत जास्त, चार सेकंद. डॉ. म्हणाल्या, कदाचित पेसमेकर बसवावा लागेल. पण त्याआधी एक: घोरता का? झोपेत श्वास अडकतो का?
म्हटलं, झोपलेला माणूस काय सांगणार.
"मिसेसना विचारा."
रेवाने खाली बघितलं. मी सांगितलं. डॉ. सॉरी म्हणाल्या. मग, "दुसरं कोणी ऐकलंय?"
कोणी नाही.

गुरु., ३० जाने.
रेवाने नाशिकला नंदाला फोन लावला. नंदा हिची धाकटी बहीण. मी म्हणत होतो, तिला काय माहीत असणार.
स्पीकरवर नंदा: "भावोजी, तुमचं घोरणं नाशिकपर्यंत पोचलेलं आहे. ताई रोज सकाळी मला बातम्या द्यायची. घोरता घोरता एकदम बंद पडतात म्हणायची, विहिरीत बुडी मारल्यासारखे. मग कोपर मारायचं, की सुरू."
रेवा हसली. मीही. मग नंदा म्हणाली, "शेवटी शेवटीसुद्धा मारायची हो."
केमो चालू होती तेव्हा हिला शांत झोप लागावी म्हणून मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपायला लागलो होतो. तिसऱ्या दिवशी हिने परत बोलावलं. मला वाटलं, एकटीला भीती वाटत असेल. वाटत होतीच. पण कोपर मारायलाही—
ही गेल्यापासून मी पुन्हा सोफ्यावरच झोपतो.

मंगळ., ११ फेब्रु.
झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट. तासाला ४१ वेळा श्वास अडकतो. स्लीप ॲप्निया. डॉ.नी दोन आलेख एकाखाली एक धरले. वर श्वास थांबला की खाली हृदय थांबलेलं, बहुतेक सगळीकडे. ही चांगली बातमी म्हणाल्या. श्वास सुधारला तर पेसमेकर लागणारही नाही. चार आठवडे रोज मास्क लावून झोपायचं, मशीन हवा देत राहतं. मग पुन्हा होल्टर, मग ठरवू. अनियमितपणा त्याने कमी होईल, जाईलच असं नाही.

रवि., १६ फेब्रु.
मशीनची वायर सोफ्यापर्यंत पोचत नाही. बेडरूममध्ये झोपलो, आठ महिन्यांनी. पलंगाच्या माझ्या बाजूला.

गुरु., २० फेब्रु.
मास्क नाकाला घासतो, हवा डोळ्यांत जाते. दोन रात्री लावलाच नाही. वाटलं, कशासाठी एवढं.
रेवाचा फोन. "झिरो अवर्स, बाबा. ट्वाइस." म्हणजे मशीनही चुगली करतं. म्हटलं, नाही जमत. "आईला सलाइन जमलं, उलट्या जमल्या, केस गेले तर कुठला स्कार्फ मॅच होतो ते मला व्हिडिओ कॉलवर विचारायची. तुला एक रबराचा मास्क जमत नाही?" एवढं सलग मराठी ती वर्षभरात बोलली नव्हती.
लहान साइजचा मास्क मागवला.

सोम., ३ मार्च
रमजान. रशीदभाईंचा रोजा. दुपारी ते जांभया देत होते आणि मी टक्क जागा. "साब, आपने क्या खाया?" म्हटलं, हवा.
सलग आठ रात्री पाच तासांच्या वर. सकाळचं डोकं दुखणं गेलं. रात्रीचा सर्वांत कमी ४९. अनियमितची सूचना अजून अधूनमधून येते. आता वाचतो.

रवि., ९ मार्च
स्वप्न पडलं. कित्येक वर्षांत पडल्याचं आठवत नाही. ही खोर फक्कानच्या बीचवर, चपला हातात, मला कशावरून तरी रागवत होती. कशावरून ते कळायच्या आत जाग आली. दिवसभर बरं वाटलं.

बुध., १९ मार्च
सकाळी होल्टर पुन्हा लावला. उद्या काढायचा, रिपोर्ट सोमवारी. डॉ.ना विचारलं, काय वाटतं? "आशा आहे," म्हणाल्या, आणि मग "इन्शाल्ला." पेसमेकर लागला तर लागला, त्यातही घाबरण्यासारखं काही नाही, असंही म्हणाल्या.
संध्याकाळी रेवाचा फोन. जूनमध्ये हिचं वर्षश्राद्ध, नाशिकला करायचंय. तिकिटांचं काय? "लेट द रिपोर्ट कम ना, बाबा." म्हटलं, आजच काढ, रिपोर्ट काहीही येवो. मशीन हँड बॅगेजमध्ये नेता येतं का तेवढं बघ. आणि परतीचंही आत्ताच काढ, दोघांचं.