बाराव्या महिन्याचं बोलावणं

प्रिय सूनबाई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

तुमच्या खोलीत आता माझं शिलाई मशीन आहे. तिथे उजेड चांगला येतो. सध्या एका वकीलबाईंचा राखाडी कोट शिवतेय. कितीही नीट बेतलं तरी ट्रायल झाल्याशिवाय मी कपडा हातात देत नाही, हे तुला ठाऊक आहे. बाई म्हणाल्या, वेळ नाही, असाच द्या. मी म्हटलं, मग दुसरीकडे शिवा. आल्या मुकाट्याने. आणि तू? दवाखान्याने पहिल्या तपासणीनंतर बाराव्या महिन्यात परत बोलावलं होतं, चौदा झाले, तू गेली नाहीस. मला कसं कळलं विचारशील, तर त्यांची पाकिटं अजून जुन्याच पत्त्यावर येतात. पहिलं मी खणात टाकलं. दुसरं फोडलं. चुकलंच माझं, पण फोडलं.

का जात नाहीस तेही मला माहीत आहे. पहिल्या रिपोर्टात तो विषाणू निघाला, गर्भाशयाच्या तोंडाशी ठाण मांडणारा, पुढेमागे कर्करोग करू शकणारा. पेशी ठीक होत्या, फक्त लक्ष ठेवायचं होतं. पण मी नेमकं एकच वाक्य ऐकलं, की तो शरीरसंबंधातून येतो. आणि स्वयंपाकघरात, माझ्या नणंदेच्या देखत, तुला विचारलं की हे कुठून आणलंस. तू हातातलं भांडं ओट्यावर ठेवलंस, आणि महिन्याभरात दोघं वेगळी राहायला गेलात. माझा लेक तेव्हा भिंतीकडे बघत उभा होता. त्याची हजेरी मी नंतर घेतली, पण खरं तर माझ्याच तोंडाला कुणीतरी आवर घालायला हवा होता.

दुसरं पाकीट घेऊन मी तणतणत दवाखान्यात गेले, आमच्या घरी असली पत्रं पाठवू नका म्हणून सांगायला. नर्सबाई माझ्याहून तिखट निघाली. सुनेबद्दल तुम्हाला एक अक्षर सांगणार नाही म्हणाली, आणि वर विचारलं की तुम्ही स्वतःची तपासणी कधी केलीत? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, माझ्यात काय सापडणार, घ्या करून! आमचं घर किती स्वच्छ ते दाखवायला, गुडघे दुखत असताना, चढले टेबलावर.

गेल्या आठवड्यात नणंदबाई आल्या आणि त्यांनी तुझा विषय काढलाच. मी कात्री खाली ठेवली आणि सांगितलं, माझ्या सुनेबद्दल या घरात पुन्हा एक शब्द काढलात तर दार उघडंच आहे. मग त्यांना आणखी एक गोष्ट ऐकवली. त्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस. तीच गोष्ट शेजारणीला सांगितली, कोटाच्या ट्रायलला आलेल्या वकीलबाईंनाही सांगितली. होऊ दे गल्लीभर. आता मी कुणाला भीत नाही.

गोष्ट अशी, की माझ्यातही तोच विषाणू सापडला. तुझे सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्याआधी कुणी नव्हतं, नंतरही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो वर्षानुवर्षं अंगात गप्प पडून राहतो, कधी आला, कुणाकडून आला, कुणालाच सांगता येत नाही. बहुतेकींचा आपोआप जातो, ज्यांचा जात नाही त्यांना वेळेत गाठावं लागतं. माझ्या पेशी थोड्या बदलल्यात, म्हणून मंगळवारी सकाळी दहाला दुर्बिणीतून बघणार आहेत. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. साडेदहाची वेळ मी तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितलीय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, बाकावर दोन माणसांची जागा सोडून बस. पण ये. आणि तपासणी झाली की त्याच स्वयंपाकघरात, नणंदबाईंच्या देखत, मला विचार, हे कुठून आणलंत म्हणून. मी मान खाली घालून ऐकेन.

तुझीच,
सासू