अनॉनिमस अण्णांस

प्रिय अण्णा,

सासऱ्याला 'प्रिय' लिहिणारी सून वडीगोद्रीत अजून जन्माला यायची आहे, हे मला ठाऊक आहे. पण 'तीर्थरूप' लिहिलं की पुढचं सगळं पाठ केल्यासारखं येतं, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष वगैरे. आज मला तसं लिहायचं नाही. रागावू नका.

लिहायचं कारण म्हणजे आपला ब्लॉग नव्या जागी गेला. काल दुपारी शेवटचं सामान हललं. 'आपला' म्हणते, कारण निम्मा तो तुमचाच होता. तुमच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही पुण्याहून आलो आहोत. हे खाली तुमचं कापड दुकान उघडून बसलेत, बंद दुकानात कापडाला वास लागतो म्हणून. मी वर गच्चीवर, कारण डाटाकार्डाला रेंज फक्त इथेच मिळते. हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या आहेत. ह्या गोंगाटात तुम्ही दुपारची झोप कशी काढायचात हो?

ब्लॉग सुरू केला तेव्हाचं आठवतं. ह्यांची पुण्याला बदली झाली आणि दिवसभर घरात मी आणि कॉम्प्युटर, दोघंच उरलो. मग आपल्याकडच्या खाण्याबद्दल लिहायला लागले. येसर, धपाटे, शेंगोळे, अंबाडीची भाजी. एका फुकटच्या जागेवर नाव नोंदवलं की झालं, पैसा लागत नव्हता. कुणी वाचेल असं वाटलंच नव्हतं.

सुट्टीत गावी आलो तेव्हा ह्यांनी तुम्हाला धपाट्यांवरचं लिखाण वाचून दाखवलं. तुम्ही ओसरीवर, मी आत चुलीपाशी, कान बाहेर.

"कुठल्या पेपरात आलं हे?"

"पेपरात न्हाई अण्णा, इंटरनेटवर. अंबडला कॅफेत बी दिसंल."

"मंग जाऊन पाह्यलं पाहिजे."

मला वाटलं, बोलायची गोष्ट. पण तुम्ही खरंच गेलात! महिनाभराने माझ्या धपाट्यांखाली ही कमेंट उमटली: "चि. सौ. वैशालीस आशीर्वाद. इकडे खैरियत आहे. धपाट्याचं वाचलं. पीठ बराबर सांगितलंस, पण तीळ इसरलीस. तुझी सासू थापताना वरून तीळ लावायची. कपाशी बरी आहे. शांताच्या गुडघ्याला आराम आहे. तब्येतीला जपावे. कळावे." वर नाव काय, तर अनॉनिमस. तुमचं खातं नव्हतं ना, म्हणून ती यंत्रं तुम्हाला बेनाम समजली. खैरियत हा शब्द आणि शांताआत्याचा गुडघा, एवढ्यावरून ओळखायला मला क्षणही लागला नाही. मी तो पडदा कितीतरी वेळ बघत बसले.

कारण अण्णा, त्याआधी आपण बोललो तरी कधी होतो? मी तुमच्या घरात राहिले, त्या सगळ्या वर्षांत आपलं बोलणं "वाढू का?" आणि "वाढ" एवढंच. स्वयंपाकघराकडे यायच्या आधी तुम्ही अंगणातूनच खाकरायचात, म्हणजे मी पदर सावरावा. मान खाली घालून जेवायचात, मान खाली घालूनच उठायचात. भाजी आवडली की नाही ते ताटावरून ओळखायचं. आपल्याकडे सासरा-सून असंच वागतात, त्यात कुणाचं काही चुकत नाही. पण कमेंटच्या त्या चौकोनात तुम्हाला पदर दिसत नव्हता आणि मला तुमची टोपी. तिथे तुम्ही घडाघडा बोलायला लागलात. मला खात्री आहे, कॅफेतही तुम्ही आधी खाकरत असणार!

आणि सासूबाई! मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. लग्न होऊन आले त्याच्या आधीच त्या गेलेल्या. घरात त्यांचा विषय निघाला की तुम्ही उठून दुकानात जायचात. आणि शेंगोळ्यांच्या पोस्टखाली काय लिहिलंत? "ती शेंगोळे वळताना कुणी बोललेलं तिला खपायचं न्हाई. म्हणून मी मुद्दाम बोलायचो." किती हसले मी! आणि मग रडलेही. मुलालाही हे कधी सांगितलं नव्हतंत. ह्यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, पुन्हा वाच.

गंमत अशी, की कमेंट म्हणजे फक्त मला पोचणारं अंतर्देशीय पत्र, असा तुमचा समज. सगळ्या घराची हालहवाल तुम्ही तिथे मांडायचात. वाचणाऱ्यांना काय, मेजवानीच! शिकागोच्या एका बाईंनी विचारलं, "आजोबा, शांताबाईंचा गुडघा आता कसा आहे?" तुम्ही उत्तर दिलंत, "गुडघा ठीक. तुमच्याकडे पाणी कसं आहे यंदा?" मग त्यांनी तिथल्या बर्फाचं वर्णन केलं. मग नागपूरचे एक जण गुडघ्यावरचं औषध सांगून गेले. आणि एका रविवारी फोनवर ह्यांना तुम्ही चिंतेनं म्हणालात, "आरे, तुमच्याकडं लई पाव्हणे येऊन राह्यलेत. त्या कॉम्प्युटरवर लिहून जात्यात. समद्यांला चहा करते का ती? लेकरू थकून जाईल."

ह्यांनी समजावलं, की पाहुणे घरी येत नाहीत, जिथल्या तिथे बसून वाचतात, आणि तुमचं लिहिलेलंही सगळ्या जगाला दिसतं. मला धडकी भरली. आता तुम्ही लिहायचं बंद करणार! पलीकडून तुमचा आवाज, "मंग काय झालं? आपल्या घरात लपवण्यासारखं काय हाये?" पुढच्या कमेंटची सुरुवातच होती, "वाचणाऱ्या समद्यांना नमस्कार." शांताआत्या मात्र अजून माझ्यावर फुगून आहेत. आपला गुडघा अमेरिकेत गेला, ही बातमी त्यांना लग्नघरात कळली.

फुकटच्या जागेबद्दल तुम्ही तेव्हाच टोकलं होतंत. ह्यांना खोदून खोदून विचारलंत. जागेचा मालक कोण? कंपनी. कंपनी कुठली? परदेशातली. भाडं किती? फुकट. "मंग उठवलं तर कुठं जाईल ती?" आम्ही दोघंही हसलो. पण तुमचं पहिलं दुकान रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेतलं, पत्र्याचं. हायवे रुंद झाला तेव्हा एका सकाळी ते उठवलं आणि तुम्ही कापडाचे तागे सासूबाईंच्या पलंगावर रचलेत, हे ह्यांनी मला मागाहून सांगितलं. मग स्वतःची जागा घेतलीत, ती ही. मी त्यावर काही केलं नाही. ब्लॉगला कोण उठवणार, असं वाटलं.

उठवलं की हो अण्णा! तुम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस उघडायला गेले तर समोर सूचना: तुमचा ब्लॉग संशयास्पद आढळल्याने बंद केला आहे, तपासणी होईपर्यंत दिसणार नाही, कदाचित काढूनही टाकला जाईल. माझ्या धपाट्यांत कुणाला काय संशय आला, देव जाणे. कुणाला फोन करावा तर नंबर नाही, कुठे जाऊन भांडावं तर दार नाही.

हे म्हणाले, "एवढं काय घाबरतेस? दुसरा उघडू. तुझं लिहिलेलं तर सगळं तुझ्याकडे आहे."

"माझं लिहिलेलं आहे हो. अण्णा नाहीत ना माझ्याकडे!"

तुमच्या सगळ्या कमेंटा त्या कुलपाच्या आत होत्या. घरात तुमच्या हाताचं दुसरं काही नाही, दुकानाच्या पाटीशिवाय. तुमचा आवाजही कुणी टेप करून ठेवला नव्हता. ते काही दिवस मी कसे काढले, ते मलाच माहीत. मग एकदाचं कुलूप निघालं, कारण न सांगता बसलं तसंच कारण न सांगता. मी मात्र त्याच आठवड्यात ठरवलं. आता फुकटची जागा नको. आपल्या नावाचा पत्ता घेतला, वर्षाचं भाडं भरून जागा घेतली. जागेचं भाडं द्यायचं, पण आतलं सामान आपलं आणि किल्लीही आपली.

सामान हलवणं सोपं असतं असं कुणीतरी लिहून ठेवलंय, त्याला एकदा भेटायचंय मला. पहिल्या खेपेला माझ्या पोस्टी आल्या आणि कमेंट एकही नाही. दुसऱ्यांदा अर्धवट आल्या. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाला विचारून, तुकडे करून पुन्हा आणल्या, तेव्हा बहुतेक सगळ्या आल्या, पण आल्या त्या रांगेत थांबलेल्या. नव्या जागेत घरधनीण 'मंजूर' म्हटल्याशिवाय कमेंट दिसत नाही. त्यात अनॉनिमस लोकांची ही गर्दी! औषधं विकणारे, शिव्या देऊन जाणारे आणि त्यांच्यात तुम्ही. एकेकाला बाजूला करत तुम्हाला शोधत गेले. खैरियत दिसलं की कळायचं.

जुन्या जागेत कमेंटवरचं नाव बदलता येत नव्हतं. इथे येतं. मी चौकोन उघडला आणि हात थांबला. सासऱ्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नाही, ते टाइप कसं करू? रेशनकार्डावरही ह्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. शेवटी 'अण्णा' लिहिलं. आता सगळीकडे अण्णा आहे. इथे तुमचं वाक्यही मला बदलता येतं बरं का, पण एका अक्षराला हात लावलेला नाही.

सगळं सलग वाचताना मात्र तुमचा राग आला. स्पष्ट सांगते. शांताआत्याचा गुडघा, म्हशीचं दूध, शेजाऱ्यांचा खोकला, सगळ्यांच्या तब्येती लिहिल्यात. तुमची? "बाकी खैरियत." प्रत्येक वेळी! "जालन्याला माल आणायला गेल्तो," असं लिहिलंत, ते डॉक्टरकडे गेला होतात. आम्हाला ते नंतर डॉक्टरच्या चिठ्ठ्या सापडल्यावर कळलं. का हो असं केलंत? सुनेला सांगवत नव्हतं, तर त्या शिकागोच्या बाईंना तरी सांगायचं! त्यांनी मला कळवलं असतं. मी आले असते अण्णा. सुट्टी वगैरे काही बघितलं नसतं.

आता शेवटचं. शेंगदाण्याच्या चटणीची पोस्ट नव्या जागेत आली, पण तिच्याखालची तुमची कमेंट काही केल्या येईना. दोनचारदा प्रयत्न करून पाहिला. तुमची सगळ्यात शेवटची कमेंट, नेमकी तीच मागे राहिली. काल दुपारी इथेच बसून मी जुनी जागा उघडली, शेजारी नवी उघडली. उचलून चिकटवता आलं असतं. पण मला ती स्वतः लिहावीशी वाटली. बघून बघून, तुमच्यासारखीच एका बोटाने:

"चि. सौ. वैशालीस आशीर्वाद. चटणीचं वाचलं, बिलकुल बराबर. एक इचारायचं राहून गेलं. लग्नात तांदळाच्या ताटात तुझं नवं नाव लिहिलं. ते शांतानं सुचवलं आन मी हो म्हणलो. तुला कुणी इचारलं न्हाई. आधीचं नाव पत्रिकेवर वाचलं आसंल, पर ध्यानात न्हाई. माहेरी तुला काय म्हणून हाक मारत्यात? तुला पटलं तरच सांग. बाकी खैरियत."

ह्यांना विचारलं असतं तर फोनवर मिनिटात कळलं असतं. तुम्ही मला विचारलंत. इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं, ह्यांनीही नाही. वैशाली हे काही वाईट नाव नाही. त्या नावाने मी संसार केला, ब्लॉगही त्याच नावाने लिहिला. पण ते माझ्या अंगावर कुणीतरी आणून घातलेलं होतं, हे तुमच्या लक्षात आलं.

मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मला ते कमेंटमध्ये द्यायचं नव्हतं. दिवाळीला आलो, की ओसरीवर तुमच्यासमोर बसायचं आणि डोळ्यांकडे बघून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. काय म्हणायचं तेही मनात घोळवून ठेवलं होतं. पुण्याच्या स्वयंपाकघरात एकटीने म्हणून पाहिलं, आणि स्वतःशीच लाजले. दिवाळीच्या आधीच ह्यांना गावाहून फोन आला. आलो तेव्हा तुम्ही ओसरीवरच होतात. मी तुमच्यासमोर बसले, अगदी जवळ, पहिल्यांदाच. तुमचा चेहरा नीट पाहिला. भोवती माणसं होती, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

काल तुमचा प्रश्न तुमच्या नावाने मी माझ्याच हाताने मलाच विचारला. 'मंजूर' दाबलं. तो चटणीच्या खाली, आपल्या जागी जाऊन बसला. त्याच्याखाली 'उत्तर द्या' असं दिसतंय. इथे आता कुणी कुलूप लावणार नाही. जागेचं भाडं दर वर्षी भरेन, तुमची एकही ओळ हलू देणार नाही, हे वचन. आणखी एक. नव्या जागेत 'लेखकाचं नाव' हा रकाना मी अजून कोरा ठेवलाय. आधी तुम्हाला सांगायचं, मग तो भरायचा. यापुढे जे लिहीन ते त्याच नावाने लिहीन.

तुम्ही विचारलंत ना अण्णा? माहेरी मला म्हणतात,

कावेरी
(तुमची सून)