तिला ताई, मला काका

३ डिसेंबर, बुधवार

मी संशयी नवरा नाही. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

मोहिनी आज साडेसातला बाहेरून आली. नाकाचा शेंडा लाल, कपाळावर घाम, आणि चक्क गुणगुणत होती. नाशिकच्या डिसेंबरात घाम! कुठे गेली होतीस विचारलं, तर म्हणाली, रामेन खायला. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत जपानी शेवया-रश्श्याचं छोटंसं दुकान निघालंय, बुधवारी ट्यूशनची मुलं नसतात, म्हणून जाते अधूनमधून. मागच्या महिन्यात कंपनीत ऑडिट होतं, मी नऊशिवाय घरी येत नव्हतो. म्हणजे हे तेव्हापासून चालू आहे.

माझं ताट झाकून ठेवलं होतं. पोळ्या डब्यात. चोवीस वर्षांच्या संसारात मी डब्यातली पोळी खाल्लेली नाही. मी ताटावर बसतो, ती तव्यावरून एकेक वाढते, माझं झालं की सावकाश तिचं ती जेवते. असं सुख किती जणांच्या नशिबी असतं? कंपनीत मी हे नेहमी सांगतो.

संकल्प: काही विचारायचं नाही.

४ डिसेंबर

विचारलं. सहजच. सोबत कोण असतं? कुणी नाही, म्हणाली. मग तिथे कोण असतं? कुंदन असतो.

कुंदन असतो! म्हणजे तो मुलगा दुकानाचा मालक आहे, स्वतः बनवतो, असं नंतर सांगितलं. पण आधी ‘कुंदन असतो’.

५ डिसेंबर

कॅन्टीनमध्ये दत्तूला सांगितलं. दत्तू सायखेड्याचा, माझ्या हाताखाली क्वालिटीत दहा वर्षं आहे, पोटात गोष्ट ठेवतो. माझ्या एका मित्राची बायको, असं म्हणून सांगितलं. दत्तू म्हणाला, साहेब, लय इचार करू नका, वहिनी तशा नाय. मी म्हटलं, वहिनी कुठून आल्या, मित्राची गोष्ट आहे. तो म्हणाला, बरं, तुमच्या मित्राला सांगा, एकदा जाऊन खाऊन बघ.

१० डिसेंबर, बुधवार

दुकानासमोर मेडिकल आहे. सर्दीचं औषध लागणारच होतं, म्हणून गेलो. अर्धा तास थांबावं लागलं. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा आणि लहान मुलांची पावडर घेतली.

काचेतून सगळं दिसतं. आठ स्टुलं, समोर लांब ओटा, पलीकडे तो. वय तीस-बत्तीस. काळा टी-शर्ट, केसांचा मागे बुचडा, दंड बरे आहेत. त्याने मोहिनीसमोर वाडगा ठेवला आणि हाताची घडी घालून तिथेच उभा राहिला. तिने पहिला घास घेईपर्यंत हलला नाही! घास घेतल्यावर तो काहीतरी बोलला आणि ती हसली. मान मागे टाकून. असं हसताना मी तिला आमच्या दिशाच्या बारशात पाहिलं होतं. दिशा आता बंगळूरूला नोकरी करते.

घरी आल्यावर तिने विचारलं, पावडर कुणाला? घामोळ्यांवर, म्हणालो. थंडीत? हो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज इन्स्पेक्शनला गेलो. एकटा. वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, कुठलाही माल तपासल्याशिवाय रिजेक्ट करत नाही.

या काका, बसा, म्हणाला.

मोहिनीला तो ताई म्हणतो, हे मी काचेतून ओठांवरून ओळखलं होतं. तिला ताई, मला काका. मग आमचं नातं काय झालं? आणि मी तिच्याहून फक्त सहा वर्षांनी मोठा आहे.

वाडगा आला. शेवया, अर्धं अंडं, कांद्याची पात, चिकनचे काप. तेवढ्यात कंपनीतून फोन. एक लॉट अडकला होता. फोन झाल्यावर मी अर्धा रस्सा पिऊन घेतला आणि म्हटलं, रस्सा दे अजून. आणि दोन पाव. मिसळीला रस्सा मागावा लागत नाही, पातेलं घेऊन पोरगं फिरतच असतं, मग इथे काय अडचण? दुकानातली दोन कॉलेजची मुलं माझ्याकडे बघायला लागली. कुंदन म्हणाला, काका, पाव नाही ठेवत. रस्सा देतो, पण आधी शेवया खा, फुगल्यात.

मला दिसतंय, मी म्हटलं.

मग त्याला गप्पांत ओढलं. घोटीचा आहे, वडिलांचा तांदळाचा व्यापार. पुण्यात एका जपानी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये शिकला. म्हणाला, ह्याचं एकच पथ्य, वाडगा आला की खायचं. लोकांना सवयच नाही. बुधवारी एक ताई येतात, पहिल्या दिवशी वाडगा समोर ठेवला तरी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. विचारलं, कुणी यायचंय का? नाही म्हणाल्या. मग खा ना. हो हो, थांबायची सवयच आहे, म्हणाल्या. तेव्हापासून त्या पहिला घास घेईपर्यंत मी हलत नाही.

मी पैसे देऊन बाहेर आलो तो हवेत तरंगत. ती माझी वाट बघत होती! मी नसताना तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता!

संकल्प: पुढच्या बुधवारी आपण सोबत जायचं. तिला सरप्राइज.

१३ डिसेंबर

काळा टी-शर्ट आणला. मोहिनी म्हणाली, संक्रांतीला अजून महिना आहे.

१४ डिसेंबर, रविवार

काड्यांनी खाण्याचा सराव. आधी शेंगदाणे, मग मटार. चार मटार फ्रिजखाली गेले. मोहिनीने काढले. एक बोट आखडलंय. गुडघ्याचा पट्टा बोटाला चालत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

मी येतो म्हणालो. तिने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, चला की.

संध्याकाळ छान गेली. कुंदनने मला ओळखलं, या काका. मग तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अच्छा म्हणाला. त्या अच्छाचा मी अर्थ लावत बसलो नाही. त्यात कुचेष्टा नक्की होती.

दोन्ही वाडगे एकदम आले. मी पिवळा बलक खात नाही, तो मोहिनीने काढून घेतला. काड्या निसटत होत्या, तिने माझ्यासाठी चमचा मागितला. मग टिश्यू. मग शर्टावर रस्सा सांडला, तो तिने ओल्या रुमालाने पुसला. काळा असल्यामुळे दिसला नसता, पण तिची माया. मी तिला मटारपासून ऑडिटपर्यंत सगळं सांगितलं. कुंदन दोनदा येऊन म्हणाला, ताई, फुगतंय. त्याला आमचं बोलणं बघवत नव्हतं.

आज ती एकदाही हसली नाही. येताना गुणगुणलीही नाही. माझ्यासमोर त्याची जादू चालत नाही, हे सिद्ध झालं.

२१ डिसेंबर, रविवार

दिशाचा फोन. म्हणाली, बाबा, तुम्ही जेलस आहात. एका शेवयावाल्यावर.

मी म्हटलं, जेलस व्हायला समोरचा बरोबरीचा लागतो.

ती म्हणाली, तेच म्हणतेय.

कुणावर गेलीय ही मुलगी कोण जाणे.

२४ डिसेंबर, बुधवार

मोहिनी म्हणाली, आज मी एकटीच जाते, चालेल ना? चालेल, म्हणालो. चाललं नाही.

डब्यातल्या पोळ्या. कडा वाळून वर आलेल्या. भाजीवर तेल गोठलं होतं. गरम करायला उठायचा कंटाळा आला, तशीच खाल्ली. समोर कुणी नाही, अजून एक घेता का म्हणून विचारायला कुणी नाही. असं गार, एकट्याने, लोक कसं जेवतात? चार घासांत उठलो.

ती आली तेव्हा गुणगुणत होती.

निर्णय: रविवारी घरी रामेन. मी करणार. एकदा घरचं खाल्लं की बुधवारचा विषय संपला.

२८ डिसेंबर, रविवार. रात्रीचे नऊ

विजय.

सकाळी सातपासून उभा होतो. सगळं मी केलं. मोहिनीने फक्त मोठं पातेलं काढून दिलं, कांदे चिरले, आलं किसलं, चिकन धुतलं, अंडी सोलली, रस्सा गाळला आणि मधे गॅस पुसला. बाकी सगळं मी.

दत्तूला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तिघांचे वाडगे भरले. मी म्हटलं, आज तू बसायचं, आज मी वाढणार. ती बसलीसुद्धा. डोळ्यांत काहीतरी चमकलं, मी बघितलं.

मग लिंबू राहिलं होतं. लिंबू कुठे असतं मला माहीत नाही, म्हणून ती उठली. उठलीच आहेस तर पापड भाज, म्हणालो. दत्तूला ठेचा लागतो. मग मला अजून रस्सा हवा होता, तो गार झाला होता, तिने गरम केला. दत्तूलाही दिला. दत्तू म्हणाला, वहिनी, तुम्ही बसा ना, तुमचं लय फुगलंय. ती म्हणाली, हो, बसते आता. शेवटी ओट्याशी उभ्यानेच खाल्लं तिने. शेवया फुगून रस्सा उरलाच नव्हता, चमच्याने कापून खाव्या लागत होत्या.

कसं झालंय विचारलं. छान झालंय, म्हणाली. दत्तू का कोण जाणे वाडग्यात बघत होता. जाताना दारात मला म्हणाला, साहेब, तुमच्या त्या मित्राला सांगा, लय अवघड हाय त्याचं.

कुंदनचा निकाल लागला, एवढं खरं.

३१ डिसेंबर, बुधवार

सहा वाजता मोहिनीने शाल घेतली. मी विचारलं, कुठे? कुंदनकडे.

आता मात्र मी चिडलो. म्हटलं, रविवारी छान झालंय म्हणालीस ना? हो, छानच होतं. मग त्याच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही? बुचडा?

ती चप्पल घालता घालता थांबली. जरा हसली. म्हणाली, अहो, तसं काही नाही हो. तिथं माझं गरम असतं.

आणि गेली.

मी तिच्या पाठीमागे जिन्यात ओरडलो की रविवारचा रस्सा उकळता होता, मी स्वतः तपासला होता. तोवर ती खाली गेली होती.

मग बसून राहिलो. टेबलावर डबा होता. तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या बाजूची, तिच्या पाठीला ओटा लागतो. मी त्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो. बसलो. तिथून माझी खुर्ची दिसते. पंखा माझ्या खुर्चीवर, टीव्ही माझ्या खुर्चीसमोर. इथून फक्त मी दिसत असणार, जेवत असलेला.

हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, असं कुंदन म्हणाला होता.

साडेसातला तवा ठेवला. कणीक तिची मळलेली होती, फ्रिजमध्ये. पहिली पोळी पोळपाटाला चिकटली. दुसरी जळली. तिसरी गोल नव्हती, पण एका बाजूला फुगली. तेवढ्यात कुलूप वाजलं. मी धावत ताट मांडलं, तिच्या जागी नाही, माझ्या जागी. पोळीवर तूप सोडलं. वाफ येत होती.

मोहिनी आत आली. नाक लाल. ताटाकडे बघितलं, मग माझ्या पिठाच्या हातांकडे. कुणासाठी, म्हणाली. बस, मी म्हणालो. गरम आहे.

तिने शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली. मग अगदी हळू म्हणाली, अहो, मी जेवून आले ना.

पोळी मीच खाल्ली. ती तिच्या खुर्चीत समोर बसली होती. अजून एक लाटू का, विचारलं तिने. मी हो म्हणालो.