दोघींना एकच काढा

जळगाव

प्रिय कामिनी,

हे पत्र मयुरीच्या हाती पाठवते आहे. शिवणक्लासमध्ये ती तुला देईल, तिथेच वाच. तुझा फोन नावालाच तुझा. तो आईपुढे स्पीकरवर असतो, आणि मला जे सांगायचं आहे ते आईने इतक्यात सांगू नको म्हटलं आहे. घाबरू नकोस. आधी इकडचं सांगते.

खोली तीच आहे, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकीही तीच. रविवारी भरताचं एक वांगं आणलं, भाजलं आणि अर्धं टाकून दिलं. भरीत ही एकटीने खायची वस्तूच नाही. घरी तू कळण्याची भाकरी मोडायचीस आणि मोठा तुकडा कोणाचा यावर आपण भांडायचो, त्याशिवाय त्याला चव येत नाही बहुतेक. कोपऱ्यावरचा दुकानदार पूर्वी मला बघून म्हणायचा, "काय मॅडम, आज कोणता शोध?" आता विचारत नाही. सुटे पैसे हातावर न देता बरणीच्या झाकणावर ठेवतो. माणूस वाईट नाही, म्हणून जास्त लागतं. प्रयोगशाळेत मात्र मी निवांत असते. तिथे सगळ्यांच्याच हातांत मोजे असतात.

केळीच्या पानांत मी काय शोधते, असं तू दरवेळी विचारतेस आणि मी टाळते. आज सांगते. जिवंत वस्तूच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. माणसाच्या एका पेशीतला धागा सरळ केला तर तो आबांच्या उंचीपेक्षा लांब भरेल. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत मावतो, कारण हिस्टोन नावाची प्रथिनं त्याला रिळासारखं गुंडाळून घट्ट बसवतात. जिनिंगमधली कापसाची गठाण आठव. दाबून बांधलेल्या गठाणीतून चिमूटभर कापूस ओढता येत नाही; हमालाने आकडी घालून एक बाजू सैल केली की येतो. तसं आकडीचं काम करणारी लहान प्रथिनं असतात, त्यांना एचएमजी म्हणतात. ती धाग्याला जराशी वाकवतात, सैल करतात, आणि तिथलं जनुक कामाला लागू शकतं. बाकीची गठाणीत निजून राहतात. पानात आणि केळफुलात धागा एकच, पण उघडतं ते वेगळं. थंडीने बाग गारठते तेव्हा ही प्रथिनं काय उघडतात, काय मिटतात, ते मी बघते. अजून हाती फारसं काही लागलेलं नाही. तरी सकाळी कुलूप काढताना वाटतं, आज लागेल.

तू आणि मी एकाच धाग्याच्या. आजी म्हणायची, सुनेने गरोदरपणी जुळं केळं खाल्लं, भोगा आता. आणि आईने तेव्हापासून मनाशी धरलं की एकीला झालं ते दुसरीला होणारच, मग वाट कशाला बघायची? एकीला ताप आला की काढा दोघींना. मला कावीळ झाली तेव्हा तुलाही पथ्य. तू चोरून शेव खाल्लीस, आणि मार बसला तोही दोघींना. आपण तेव्हा हसायचो. धुळ्याला कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्यांदा आजारी पडले तेव्हा काढ्याचा कप एकच होता, आणि तो रिकामा करताना मला रडू आलं होतं.

कामिनी, माझ्या हातांना कोड आलं आहे. दिवाळीच्या अंघोळीला बोटांवर ठिपके होते, ते आईनेच पहिल्यांदा पाहिले. आता मनगटापर्यंत पांढरं झालं आहे. दुखत नाही, कोणाला लागत नाही, डॉक्टरांचं औषध चालू आहे. आईने तेव्हा दार लोटून घेतलं आणि माझे हात पदराखाली धरून म्हणाली, "एका सालीतले दोन केळं, माय. एकाले डाग दिसला का लोकं दुसरंबी घेत नाही." नरडाण्याच्या, तुझ्या होणाऱ्या सासरच्या पाहुण्यांना माझा चेहरा म्हणजे तुझाच चेहरा. त्यांनी माझे हात पाहिले तर तुझंही उद्याचं पाहिल्यासारखं होईल, म्हणून मी लग्नाला यायचं नाही, आखाजीच्या सणाला झोके खेळायलाही नाही, असं ठरलं. परीक्षा आहे हे तुला सांगायचं ठरलं तेही तेव्हाच. तू चिडून म्हणालीस, "शिकलीस म्हणून आम्ही आता पोरकट वाटतो का तुला?" आणि मी पुन्हा परीक्षेचंच सांगितलं. तुझं लग्न सुरळीत होणार असेल तर तुझा राग सोसू, असं मला वाटत होतं.

मी गप्पच राहणार होते. पण परवा तू गच्चीवरच्या कुरडयांचा फोटो पाठवलास. मागे कठड्यावर तपकिरी बाटली होती आणि तुझी मनगटं लाल दिसत होती. खाली लिहिलं होतंस, आई रोज तेल लावून उन्हात बसवते, म्हणते हळदीआधी तेज येतं. ती बाटली मी ओळखते. ते बावचीचं तेल आहे, कोडावरचं. आईने आधी मलाच दिलं होतं, आणि त्याने उन्हात मला फोड आले होते. तिने पुन्हा दोघींना काढा पाजला आहे, एवढंच. तिच्यावर ओरडू नकोस. पण आजपासून ते लावू नकोस आणि मनगटं डॉक्टरांना दाखव. जुळ्यांपैकी एकीला कोड आलं तरी बहुतेक वेळा दुसरीला येत नाही. धागा एक असला तरी गठाण कुठे सैल होईल ते एक नसतं. पण तसा धागा असलेल्या कातडीला भाजलं, सोललं, तर कधी कधी तिथूनच कोड सुरू होतं. जे गठाणीत निजलं आहे त्याला आपणच आकडी लावायला नको. योगराजना सांगायचं की नाही हे तू ठरव. तुझ्या जागी मी असते तर सांगितलं असतं, पण लग्न तुझं आहे. मी यायचं की नाही हे मात्र आजवर आईने ठरवलं आणि मी मानलं, तुला कोणी विचारलंच नाही. आता विचारते. मी यावं असं वाटलं तर फोनवर सगळ्यांदेखत एवढंच म्हण, की निंबाला झोका बांधलाय. मी आखाजीला येईन, अर्ध्या बाह्यांचं पोलकं घालून, आणि झोक्याची दोरी याच हातांनी धरीन.

जन्मापासून तुझ्या मागोमाग आलेली,
तुझीच
यामिनी