दोन मावसभावांना घर मिळेना

तीर्थरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (शिर हजर आहे, साष्टांग घालण्याइतकी जमीन सध्याच्या खोलीत नाही, तेव्हा तेवढं मनोमन मानून घे.) तुझा खोकला आता कसा आहे? मांजर गच्चीवरून पडलं होतं ते सावरलं का? मी बरा आहे. तोही बरा आहे. (तुझ्या प्रत्येक पत्रात मांजरापर्यंत सगळ्यांची चौकशी असते, त्याची तेवढी राहून जाते. कागद पुरत नसेल, म्हणून मीच आपणहून कळवतो.)

पत्रास कारण की, आम्हाला घर बदलावं लागतंय. साथ ओसरल्यापासून आमच्या कवळ्यांच्या धंद्याला बरकत आली आहे. तोंडं झाकलेली होती तोवर लोकांना दातांचं काही सोयरसुतक नव्हतं. मास्क उतरले आणि साऱ्या गावाला एकदम हसायची घाई झाली. त्यामुळे आमच्या मालकांना कारखान्यामागची आमची खोली प्लास्टरचे जबडे ठेवायला हवी झाली. जबडे आधी उशाशी आले, मग पायथ्याशी आले, आणि शेवटी मालकांनी अतिशय प्रेमाने सांगितलं की आता एक तर तुम्ही तरी राहा, नाही तर जबडे तरी. जबड्यांना गिऱ्हाईक होतं. आम्हाला नव्हतं.

साथीनंतर गावात घरं जास्त आणि माणसं कमी, हे आमच्या दलालाचं पहिलं वाक्य. ते खरंही आहे. कुठल्याही गल्लीत शिरा, बंद खिडक्या, गंजलेली कुलपं आणि कुंड्यांतून वाळलेल्या काटक्या. त्याचं दुसरं वाक्य होतं, फॅमिली आहे ना? दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात तसली गत. नुसते दोन मित्र म्हटलं की मालकांना दारूच्या बाटल्या दिसतात, आणि खरं सांगितलं की काय दिसतं कोण जाणे, पण दार लागतं. म्हणून दलालानेच सुचवलं, मावसभाऊ म्हणा.

पहिलं घर औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाईंचं. बाई हुशार. त्यांनी लिफ्टवाल्याला (म्हणजे त्यालाच; तो अजून लिफ्टच दुरुस्त करतो, म्हणून इथे सगळे त्याला हेच म्हणतात, मीही, रागावलो की) ओटा दाखवायला आत नेलं आणि त्यांच्या यजमानांनी मला बाल्कनीत घेतलं. दोन्हीकडे एकच प्रश्न: तुम्हा दोघांना वाढवणाऱ्या थोरल्या मावशी (ही दलालाची भर) कशा आहेत? लिफ्टवाल्याला खोटं बोलायचा सराव नाही, आणि सराव नसलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. त्याने मावशीला आजारी पाडलं, इस्पितळात खाट मिळू दिली नाही आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून तिला मारून टाकलं. मी इकडे तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ठणठणीत केलं होतं. म्हणजे एकाच वेळी ती बिचारी स्वयंपाकघरात वारली होती आणि बाल्कनीत स्वेटर विणत होती. बाईंनी आम्हाला सरबत दिलं, घर दिलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी घर नक्की मिळालं असतं, पण मालक घरासोबत भाचीही देत होते. (दोघांपैकी कोणालाही चालेल, असं त्यांचं उदार धोरण.) भाची समोरच बसली होती आणि तिचाही चेहरा आमच्यासारखाच झाला होता. आम्ही तिघंही एकमेकांची क्षमा मागत उठलो.

अशी बरीच घरं झाली. प्रत्येक ठिकाणी नवी मावशी.  एकदा रात्री जेवताना लिफ्टवाला म्हणाला, साथीत आपण दोघं वाचलो ते काय मावसभाऊ व्हायला? मी विषय बदलला.

मग छापखान्याच्या वरचं घर पाहायला गेलो. मालक भूमितीचे निवृत्त मास्तर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. (लिफ्टवाल्याने जिन्याची मोकळी जागा मापून पाहिली आणि निःश्वास टाकला.) मास्तर अर्ध्या घरात राहतात, उरलेलं अर्धं द्यायचं, मध्ये एक पातळ भिंत. त्यांच्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते बसले. दुसरीवर मी बसणार, तेवढ्यात त्यांनी ती जरा मागे सरकवली आणि मला स्टूल दिलं. मास्तरीणबाई साथीत गेल्या, हे दलालाने जिन्यात सांगितलं होतं.

"तुम्ही एकमेकांचे कोण?" मास्तरांनी विचारलं.

मी 'मावस'पर्यंत पोचलो होतो. लिफ्टवाला म्हणाला, "भाऊ नाही. नवराबायको राहतात तसे आम्ही राहतो."

दलाल छताकडे बघू लागला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भांडता का?"

"रोज," लिफ्टवाला म्हणाला. "हा ओला टॉवेल खुर्चीवर टाकतो."

"मोठ्याने भांडता?"

"मी मोठ्याने. हा धुसफुसतो."

मास्तरांनी मधल्या भिंतीकडे पाहिलं. "मग राहा," ते म्हणाले. "पलीकडून आवाज यायला हवा. ही गेल्यापासून ती नुसती भिंत झालीय."

मी नळाला पाणी येतं का ते पाहायला स्वयंपाकघरात गेलो. नळ जरा जास्तच वेळ पाहिला.

असो. मास्तरांची एक अट आहे, पण तिचं काय करायचं ते आम्ही बघू. तुला त्रास द्यायचा मुळीच विचार नाही. प्रकृतीला जप. लोभ वाढवावा अशी मागणी नाही. आहे तेवढा टिकला तरी पुरे.

तुझा,
भाचा

ता. क. : अट अशी, की आमच्या घरातल्या कोणी मोठ्या माणसाने येऊन मास्तरांना समक्ष सांगायचं, ही दोन्ही मुलं आमची. लिफ्टवाल्याच्या घरचे फोन उचलत नाहीत, आणि बाबा साथीत गेल्यापासून माझ्याकडे मोठं माणूस म्हणून तू एकटीच. रविवारी सकाळी येशील का? वाक्य एवढंच आहे. फक्त 'दोन्ही' हा शब्द घाईत गाळू नकोस.

पुन्हा ता. क. : लिफ्टवाल्याने वरचं वाचलं. तो म्हणतो, आता आत्याशीही खोटं? तेव्हा खरं ते लिहितो. मास्तरांनी असली काही अट घातलेली नाही. किल्ली त्यांनी त्याच दिवशी दिली, शनिवारी सामान हलवतोय. अट माझी आहे.

आणखी एक : दारावरची घंटा बंद आहे. जिन्यातून हाक मार. कोणालाही मार, दोघंही येऊ.