अख्ख्या जगाकडे चावी असलेला कॉम्प्युटर

१२ मे २०२६, मंगळवार
मला न विचारता लॉजच्या कॉम्प्युटरचा जीव बदलला. सून पूनम हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क आहे, तिथून ही खोड घेऊन आली. जुनी सिस्टिम काढली आणि लिनक्स की काय ते घातलं. चालू केलं की बदक दिसतं. आई, ते पेंग्विन आहे, म्हणे. चौथी शिकलेय मी, बदक ओळखते.

म्हणे फुकट आहे, आणि जगातला कोणीही उघडून आत बघू शकतो, दुरुस्त करू शकतो. ज्याची चावी अख्ख्या जगाकडे, त्याला काय कुलूप म्हणायचं. म्हणे शाळेत हेच चालतं. शाळेत खिचडीही फुकट मिळते, म्हणून मुरुडला आलेल्या पाहुण्याला मी खिचडी वाढू काय.

मुलगा बाळाजी मध्ये पडला. म्हणाला, वरच्या दोन खोल्या पूनमच्या, तिने कॉम्प्युटरवर बुकिंग घ्यायचं. खालच्या दोन, आये, तुझ्या, तू फोनवर घे. महिनाअखेरपर्यंत जिचा घोळ होईल तिने काउंटर सोडायचं. मी लगेच हो म्हटलं. बिचारी पूनम.

१५ मे
पेणच्या विश्वंभर मास्तरांचा फोन. दरवर्षी पावसाआधी चांदण्यातला समुद्र बघायला येतात. पौर्णिमेला येतो, खालच्या दोन्ही खोल्या ठेवा, म्हणाले. तारीख सांगायला लागले. मी म्हटलं राहू द्या, तारखा पगारवाल्यांच्या. समुद्र तिथीवर चालतो, मीही. ज्येष्ठाची पौर्णिमा म्हणजे वटपौर्णिमा. ठेवली डोक्यात.

पूनम म्हणाली, आई, यंदा ज्येष्ठ दोन आहेत, पहिला अधिक. कुठला ते विचारलंत का? मला पंचांग शिकवते. अधिक महिना जावयांना जेवायला घालायचा, त्यात शहाणा माणूस फिरायला निघत नाही. ती म्हणे, वटपौर्णिमेला पाऊस असतो, चांदणं कुठलं? ढग काय रात्रभर एका जागी बसतात? मग म्हणे, निदान कॉम्प्युटरवर तरी टाकू द्या. फुकटच्या खोक्यात मी माझं गिऱ्हाईक टाकणार नाही.

२५ मे
कॉम्प्युटर अजून बंद पडलेला नाही. पडेल. रोज बघते.

शेजारच्या बायजाचंही लॉज आहे. येऊन बघून गेली होती. वैनी, माझाबी असाच करून घेते, जुना न्हाय चालत, नुसता गरगरतो. काल पूनमने रविवारची सुट्टी घालवून तिचाही बदलून दिला. आता एकमेकींच्या रिकाम्या खोल्या दोघींना घरबसल्या दिसतात. दुसऱ्याच्या घरात डोकावायला आम्हाला कधी मशीन लागलं नाही.

दुपारी त्यावर सिरियलचे दोन भाग पाहिले. नीट दिसले. त्यात मशीनचं काय कौतुक, सिरियलच चांगली होती.

२७ मे
नात अमिषाच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना. नातजावई प्रणयला उरणहून शनिवारी बोलावलंय, आई-बापासकट. अनारसे, नवे कपडे, सगळं रीतसर. खालच्या दोन्ही खोल्या त्यांना.

पूनम म्हणाली, वरच्या भरल्यात. खाली नक्की कोणी नाही ना? बाळाजीसमोर मुद्दाम विचारलं. मी कपाळावर बोट ठेवून सांगितलं, इथं बघ, इथं लाइट जात नाही.

३० मे, शनिवार, संध्याकाळ
विश्वंभर मास्तर आले. सात माणसं, सात बॅगा. खालच्या खोलीत व्याही बनियनवर आडवे पडलेले.

मास्तर म्हणाले, मनुमावशी, उद्या पौर्णिमा. मी तारीखच सांगत होतो. मी म्हटलं, महिना तुमचा चुकला. व्याही उठून बाहेर आले, हातात अर्धा अनारसा. म्हणाले, अडचण असेल तर आम्ही निघतो. विहीणबाई तर बॅग भरायलाच लागल्या. पहिल्या धोंड्याला पाहुणे ताटावरून उठले असते तर अमिषाला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

पूनम कॉम्प्युटरवर बसली. बायजाकाकींकडे तीन खोल्या रिकाम्या आहेत, म्हणाली, आणि सातही जणांना तिकडे पोचवून आली. सोय मीच केली असं मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी नमस्कार मात्र पूनमला केला. म्हातारपणी नजर कमी होते.

३१ मे
बायजा नारळाच्या वड्या घेऊन आली. वैनी, तुमच्यामुळं गिऱ्हाईक मिळालं बघा. मास्तरांनी पुढच्या सालचंबी सांगून ठेवलंय माझ्याकडंच. तारखेसकट.
वड्या ठेवून घेतल्या. गोड जरा कमी.

बाळाजीने काउंटरवरचा फोन उचलून पूनमच्या टेबलावर ठेवला. तसा मी देणारच होते, कान दुखतो.

आत्ता वाजतोय. पूनमने घ्यायचा. मास्तर असले तर आई बाजारात गेल्यात म्हणायचं. बायजा असली तर कोणीच घ्यायचा नाही.